नोंद कोणासाठी? केसपेपरपासून टॅब्लेटपर्यंत

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २०१५ सालच्या मेळ्यात २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर या दिवशी नाशिकच्या रामकुंडावर शाहीस्नाने झाली. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावरचे तिसरे स्नान २५ सप्टेंबरला झाले. अशा मेळ्यात लक्षावधी माणसे थोड्या जागेत, थोड्या दिवसांसाठी एकत्र येतात. त्यांच्यासाठी केलेली पाण्याची, निवाऱ्याची, शौचालयांची सोय तात्पुरती असते आणि दवाखानेही तात्पुरतेच असतात. दवाखान्यात डॉक्टरांपुढे रांग लागलेली असते. डॉक्टर रुग्णाला विचारतात, तपासतात, औषध देतात आणि रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली जाते : नाव, वय, गाव, तक्रार, औषध.

आता एक साधा प्रश्न विचारून पाहू. संध्याकाळपर्यंत त्या रजिस्टरात चार-पाचशे ओळी जमल्या असतील. आज जुलाबाचे रुग्ण कालच्यापेक्षा वाढले का, हे ते रजिस्टर आपल्याला सांगेल का? माहिती सगळी त्यातच आहे. पण कोणीतरी बसून एकेक ओळ वाचून मोजल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. मेळ्यात असे दवाखाने अनेक असतात. त्या सर्वांची मोजणी पुरी होईपर्यंत मेळा उठून गेलेला असतो.

टॅब्लेट आणि मोबाइल आल्यावर हा प्रश्न सुटायला हवा होता. काही प्रमाणात तो सुटला आणि त्याचे महत्त्वाचे प्रयोग कुंभमेळ्यांतच झाले. तरीही अनेक दवाखान्यांत आजही नोंद कागदावरच होते. यावरून डॉक्टर मंडळी नव्याला विरोध करतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. क्ष-किरण असोत की सोनोग्राफी, उपयोगी यंत्र वैद्यकाने आनंदाने स्वीकारले आहे. मग नोंदीच्या यंत्रापाशीच गाडी का अडते? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

तापाचा आलेख

जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिश नावाचे डॉक्टर होते. १८५० नंतरच्या काळात त्यांनी आपल्या रुग्णालयातील रुग्णांचे तापमान नियमितपणे मोजून नोंदवायला सुरुवात केली. १८६८ साली त्यांचा या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदींवर तो आधारलेला होता. तापमापक त्यापूर्वीही ठाऊक होता, पण डॉक्टर तो क्वचितच वापरत. कारण उघड आहे. त्या काळातला तापमापक जवळजवळ फूटभर लांब असे आणि काखेत पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावा लागे. कपाळावर हात ठेवून दोन क्षणांत ताप कळत असताना एवढा खटाटोप कोण करील?

वुंडरलिश यांनी नुसते आकडे लिहिले नाहीत. ते आकडे त्यांनी आलेखावर मांडले आणि तिथेच खरी गंमत झाली. विषमज्वराचा ताप रोज थोडा थोडा, जिन्याच्या पायऱ्या चढावा तसा चढतो. हिवतापाचा ताप ठरावीक अंतराने एकदम उसळतो आणि उतरतो. एकेका दिवसाच्या आकड्यात न दिसणारी ही आकृती आलेखात डोळ्यांना दिसते. खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना त्या रेषेकडे पाहून रोगाविषयी अनुमान बांधता येऊ लागले. त्याच सुमारास, १८६६-६७ मध्ये, इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंच लांबीचा आणि पाच मिनिटांत वाचन देणारा तापमापक बनवून घेतला. श्रम कमी झाले, फायदा समोर दिसला आणि तापाचा तक्ता प्रत्येक खाटेवर लटकू लागला.

या कहाणीतल्या दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवू. नोंद करण्याचा खर्च, म्हणजे वेळ आणि श्रम, कमी झाला. आणि नोंदीचा लाभ, ज्याने ती केली त्यालाच, तिथल्या तिथे मिळाला.

नाइटिंगेल यांचे तक्ते

दुसरी कहाणी याच काळातली, पण उलट्या बाजूची आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत परिचारिका म्हणून येते. त्या संख्याशास्त्राच्याही मोठ्या जाणकार होत्या. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मेले, हे त्यांनी आकड्यांनी आणि आकृत्यांनी दाखवून दिले. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्यावर १८६३ साली जो शाही आयोगाचा अहवाल निघाला, त्यासाठी इथल्या छावण्यांकडून छापील प्रश्नावल्या भरून मागवण्यात आल्या होत्या. त्या माहितीच्या विश्लेषणातही नाइटिंगेल यांचा मोठा वाटा होता.

प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवते, त्यामुळे एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्याचे तक्ते भरावेत अशी योजना त्यांनी तयार केली. १८६० साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत ती मांडली गेली. लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांनी ते तक्ते भरूनही पाहिले. पण थोड्याच काळात ती पद्धत मागे पडली. तक्ते भरायला फार वेळ आणि पैसा लागत होता.

कल्पना अचूक होती. आजचे आरोग्य-सांख्यिकीशास्त्र त्याच पायावर उभे आहे. मग ती त्या वेळी का टिकली नाही? तक्ता भरणाऱ्या डॉक्टरांना आणि कारकुनांना त्यातून रोजच्या कामात काही मिळत नव्हते. लाभ व्हायचा तो पुढे कधीतरी, दूर बसलेल्या नियोजकांना. श्रम एकाचे आणि फळ दुसऱ्याचे, असा हिशेब असला की नोंदवही हळूहळू रिकामी राहू लागते. आपण शिक्षकांनी शाळेत कितीतरी माहितीपत्रके भरून वर पाठवली आहेत. त्यांतून आपल्या वर्गासाठी किती वेळा काही परत आले, हे आठवले तर हा मुद्दा अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.

एक रुग्ण, एक क्रमांक

विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या रुग्णालयांपुढे वेगळीच अडचण आली. प्रत्येक डॉक्टर आपली स्वतंत्र वही ठेवत असे. एकच रुग्ण तीन डॉक्टरांना दाखवून गेला, तर त्याची हकीकत तीन वह्यांत विखुरली जाई. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ साली यावर उपाय केला. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाची एकच फाइल. रुग्ण ज्या डॉक्टरकडे जाईल तिथे त्याची फाइलही जाईल. कल्पना अगदी साधी, पण आजच्या संगणकीय आरोग्यनोंदीचा गाभा हाच आहे.

१९६८ साली लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी त्यापुढचे पाऊल टाकले. फाइलमध्ये कागद केवळ तारखेप्रमाणे लावत गेले, तर रुग्णाला नेमके काय झाले आहे याचा पत्ता लागत नाही. म्हणून नोंदी रुग्णाच्या समस्यांनुसार मांडाव्यात आणि प्रत्येक समस्येखाली निरीक्षण, अनुमान व योजना लिहावी, असे त्यांनी सुचवले. नोंदीने डॉक्टरांना विचार करायला शिकवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने पडद्यावर बोट लावून माहिती भरण्याचा संगणकही रुग्णालयात वापरून पाहिला.

आपल्याकडे मात्र बाह्यरुग्णाची फाइल बहुधा रुग्णाच्याच पिशवीत असते. चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे कागद आणि क्ष-किरणाची फिल्म एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माणसे सुरगाण्याहून नाशिकला आणि नाशिकहून मुंबईला जातात. या पद्धतीला हसण्याचे कारण नाही. नोंद रुग्णाच्या मालकीची आहे आणि ती त्याच्याबरोबर प्रवास करते, हे तिचे दोन मोठे गुण आहेत. पिशवी भिजली किंवा हरवली की सारे संपते आणि हजार पिशव्यांची बेरीज कोणालाच करता येत नाही, हे तिचे दोष.

मणी आणि वाळूचे घड्याळ

नोंदीचे साधन म्हणजे संगणकच हवा असे नाही, हे दाखवणारे एक उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. त्यासाठी नाशिकहून थेट पूर्वेला, गडचिरोलीला जाऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथे बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील, तर धोका समजावा. पण गावातील सुईणींना एवढ्या आकड्यांपर्यंत मोजता येत नव्हते आणि हातात घड्याळ नव्हते.

यावर बंग यांनी श्वासमापक बनवला. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला औषधाची गरज आहे. वयाप्रमाणे मण्यांच्या दोन ओळी. बस्स.

या साधनाकडे माहितीशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर ते मोजते, नोंदवते, मर्यादेशी तुलना करते आणि उत्तरही देते. तेही मोजणाऱ्या बाईलाच, त्याच मिनिटात. वुंडरलिश यांच्या आलेखाचे जे मर्म, तेच या मण्यांचेही.

खिशातला संगणक

आता मोबाइल संगणकाकडे वळू. १९९६ साली पाम पायलट नावाचा तळहातावर मावणारा संगणक बाजारात आला. १९९९ च्या सुमारास त्यासाठी ‘एपोक्रेट्स’ हा औषधांची माहिती देणारा कार्यक्रम निघाला. औषधाची मात्रा किती, दोन औषधे एकत्र दिली तर अपाय होईल का, हे डॉक्टरांना रुग्णासमोर उभे असतानाच पाहता येऊ लागले. अमेरिकेतील डॉक्टरांनी हे साधन कोणत्याही सक्तीवाचून झपाट्याने स्वीकारले.

त्याच देशात २००९ साली एक कायदा झाला आणि संगणकीय नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना व रुग्णालयांना सरकारने मोठे आर्थिक प्रोत्साहन दिले. संगणक सर्वत्र पोहोचले. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, रुग्णाबरोबर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे सुमारे दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या इतर कामात जात होते. डॉक्टर तेच होते. खिशातला संगणक त्यांना माहिती देत होता, टेबलावरचा संगणक त्यांच्याकडून माहिती मागत होता. फरक पडला तो एवढ्याने.

भारतात तर हा हिशेब आणखी अवघड आहे. आपल्याकडील प्राथमिक सेवेत डॉक्टर एका रुग्णाला सरासरी दोन-अडीच मिनिटे देऊ शकतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तुलनेत दिसून आले. समजा, संगणकात नोंद करायला दर रुग्णामागे फक्त एक मिनिट जादा लागते. दिवसाला १०० रुग्ण असतील तर १०० मिनिटे झाली. हा पावणेदोन तासांचा वेळ कुठून आणायचा? रुग्ण कमी तपासायचे, घाईने तपासायचे की रात्री जागायचे? डॉक्टरांच्या नाखुशीमागे हे साधे अंकगणित आहे.

मेळ्यातली साथ

या पार्श्वभूमीवर कुंभमेळ्यातील प्रयोग समजून घेऊ. यात्रा आणि साथ यांचे नाते जुने आहे. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात पटकीची साथ उद्भवली आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरली. सरकारी डॉक्टरांनी गावोगावच्या नोंदी जमवून साथीचा मार्ग शोधून काढला आणि त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. पण तो साथ होऊन गेल्यावर. नोंदींनी मृत्यूंचे कारण सांगितले, एकही मृत्यू टाळला नाही.

२०१३ साली प्रयागच्या ५५ दिवसांच्या कुंभमेळ्यात सात कोटींहून अधिक लोक आले, असा अंदाज आहे. हार्वर्ड विद्यापीठातील डॉ. सच्चित बालसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पाच रुग्णालयांत टॅब्लेटवर नोंदी घेण्याची पद्धत वापरून पाहिली. डॉक्टरांची दोन मिनिटे हिरावून घ्यायची नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. त्यामुळे डॉक्टर पूर्वीसारखेच कागदावर लिहीत आणि विद्यार्थ्यांचा गट ती माहिती टॅब्लेटवर चढवत असे. तक्रारींची यादी लहान होती, बहुतेक काम पडद्यावर बोट टेकवून होत असे.

तीन आठवड्यांत ४९,१३१ रुग्णभेटींची नोंद झाली. स्नायू-सांध्यांचे दुखणे १९ टक्के, ताप १७ टक्के, खोकला १७ टक्के, सर्दी १६ टक्के आणि जुलाब ५ टक्के असे चित्र दिसले. पण याहून अनपेक्षित अशा दोन गोष्टी त्या आकड्यांतून बाहेर आल्या. पहिली अशी की, सर्वांत गजबजलेल्या रुग्णालयात सर्वांत कमी गर्दीच्या रुग्णालयापेक्षा ६५० टक्के अधिक, म्हणजे साडेसातपट रुग्ण येत होते आणि दोन्हीकडे कर्मचारी मात्र सारखेच नेमलेले होते! प्रत्येक डॉक्टरला आपल्यापुढची रांग दिसत होती. दुसऱ्या रुग्णालयात किती रांग आहे हे कोणालाच दिसत नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, सर्वाधिक लिहून दिलेल्या औषधांत प्रतिजैविके आणि तत्सम जंतुनाशके होती. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक रुग्णांना त्यांचा उपयोग नसतो, हे आपण जाणतो. नोंद डॉक्टरांना साहाय्य करते, तशी ती त्यांच्या कामाची साक्षही देते. नोंदीविषयी वाटणाऱ्या संकोचाचे हेही एक कारण असू शकते, हे मान्य करायला हवे.

दोन वर्षांनी हा अनुभव नाशिकला आला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ ही शिबिरे भरू लागली. मेळ्यातील गर्दी, निवास, वाहतूक, आरोग्य अशा प्रश्नांवर विद्यार्थी, अभियंते आणि स्थानिक अधिकारी एकत्र बसून उपाय शोधत. रोगांवर नजर ठेवणारे टॅब्लेटवरील साधन हा त्यांतला एक विषय होता. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी चटई घडवण्यात तर नाशिकचा एक शाळकरी मुलगा आघाडीवर होता. याच २०१५ च्या मेळ्यात बालसारी यांच्या गटाने ‘जन स्वास्थ्य’ या नावाने नाशिक-त्र्यंबकेश्वरला काम केले. तात्पुरत्या दवाखान्यांतील नोंदी टॅब्लेटवर घेण्याबरोबर त्यांनी पाच हजारांहून अधिक लोकांचा रक्तदाब मोजला. सुमारे एक तृतीयांश लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि त्यांतील बहुसंख्यांना त्याची कल्पनाही नव्हती. मेळा म्हटला की आपल्याला पटकी आठवते. पण आजच्या यात्रेकरूबरोबर दीर्घकाळ सोबत करणारे आजारही येतात आणि त्यांची नोंद मेळ्यापुरती ठेवून भागत नाही. ती त्याच्याबरोबर त्याच्या गावापर्यंत गेली पाहिजे.

धोक्याची घंटा कशी वाजते?

टॅब्लेटवरील नोंदींतून साथ कशी ओळखतात, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. सोमवारी १,००० रुग्णांपैकी ५० जणांना जुलाब झाले. स्नानाच्या दिवशी गर्दी वाढली, २,००० रुग्ण आले आणि जुलाबाचे १०० होते. आकडा दुप्पट झाला, तरी प्रमाण ५ टक्केच राहिले. म्हणजे माणसे वाढली, रोग वाढला नाही. पण दुसऱ्या दिवशी २,००० पैकी १६० निघाले, तर प्रमाण ८ टक्के झाले. आता पाण्याची तपासणी करायला धावले पाहिजे. हे १६० रुग्ण एकाच दवाखान्यात आले असतील, तर कोणत्या भागातले पाणी तपासायचे तेही कळते. रजिस्टरातील ओळी त्याच. फरक एवढाच की उत्तर त्याच संध्याकाळी मिळते, जेव्हा त्याचा उपयोग असतो.

यासाठी एक अट मात्र आहे. एक डॉक्टर ‘हगवण’, दुसरे ‘जुलाब’ आणि तिसरे ‘लूज मोशन’ लिहितील, तर संगणक त्यांना तीन निरनिराळे विकार समजेल. रोगांच्या नावांची एक जागतिक यादी असावी, या विचाराने १८९३ साली बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञांची यादी स्वीकारली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या रोगवर्गीकरणाची ती पूर्वज होय. त्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. नाइटिंगेल यांना हवे असलेले समान तक्ते आज यंत्राच्या पोटात आहेत. ते भरण्याचे श्रम कोणी करायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

वर जाणारी आणि परत येणारी माहिती

भारतात २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात. नोंदींचे संगणकीकरण करण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यांत म्हटले होते. संगणकीय आरोग्यनोंदींची राष्ट्रीय मानके २०१३ साली जाहीर झाली आणि २०१६ साली सुधारली गेली. रोगांवर लक्ष ठेवणारा देशव्यापी प्रकल्प २००४ साली सुरू झाला होता. त्यात आरोग्यसेवक, डॉक्टर आणि प्रयोगशाळा आपापले तक्ते दर आठवड्याला कागदावर भरून वर पाठवत. एप्रिल २०२१ पासून त्याची जागा देशभर संगणकीय मंचाने घेतली. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि नागरिकांना १४ अंकी आरोग्यक्रमांक मिळू लागला. हा प्लमर यांचाच १९०७ सालचा क्रमांक, पण एका रुग्णालयाऐवजी साऱ्या देशासाठी.

या योजनांपैकी लोकांनी चटकन काय उचलले, हे पाहण्यासारखे आहे. २०२१ च्या जानेवारीत कोविडची लस सुरू झाली तेव्हा प्रत्येक मात्रेची नोंद संगणकात झाली आणि प्रमाणपत्र लगेच मोबाइलवर आले. २०२२ साली सरकारी रुग्णालयांत चौकोनी खूण मोबाइलने टिपून बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवण्याची सोय आली आणि खिडकीपुढची रांग टळल्यामुळे ती लोकप्रिय झाली. दोन्हींत माहिती देणाऱ्याला काहीतरी ताबडतोब परत मिळाले. याउलट गावातील आशाताईला किंवा परिचारिकेला तीच माहिती आधी वहीत आणि मग मोबाइलमध्ये अशी दोनदा भरावी लागते, तेव्हा श्रम दुप्पट होतात आणि फळ वरच राहते.

डॉक्टरांनीही एक गोष्ट आपणहून स्वीकारली आहे. तालुक्याच्या गावातील डॉक्टर हृदयविकाराच्या रुग्णाच्या आलेखाचे छायाचित्र मोबाइलवरून शहरातील तज्ज्ञाला पाठवतात आणि पाच मिनिटांत सल्ला मिळवतात. यातून प्राण वाचू शकतात. पण हे छायाचित्र नोंद म्हणून कुठेही जपले जात नाही. रुग्णाच्या नावासकट ते कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये राहते, याचाही पत्ता नसतो. पिशवीतला कागद निदान रुग्णाच्या ताब्यात होता. क्षयरोग, एचआयव्ही, मनोविकार अशा आजारांची माहिती भलत्या हाती पडली, तर नोकरी जाऊ शकते, लग्न मोडू शकते. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागे हीच चिंता आहे. माहिती परत यायची ती रुग्णाकडे आणि त्याच्या डॉक्टरकडे. तिसऱ्याकडे जायची तर रुग्णाच्या संमतीने.

पुढच्या सिंहस्थासाठी

२०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा असून त्यातील मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. अशा मेळ्यासाठी टॅब्लेट विकत घेणे हा सर्वांत सोपा भाग आहे. नोंद कोण करणार, डॉक्टरांचा किती वेळ जाणार, संध्याकाळचा गोषवारा त्याच दवाखान्यातील डॉक्टरांना परत मिळणार का, आणि रक्तदाब वाढलेला आढळलेल्या यात्रेकरूच्या हाती काय देऊन त्याला गावी पाठवणार, हे प्रश्न आधी सोडवावे लागतील. राज्यातील डॉक्टर घडवणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. नाडी पाहायला शिकवतो तितक्याच गांभीर्याने नोंद करायला आणि केलेली नोंद वाचायला शिकवले, तर हे काम सोपे होईल, असे आम्हांला वाटते.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. विद्यार्थ्यांना दोन आठवडे गैरहजेरीची नोंद ठेवू द्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने कारण आपल्या शब्दांत लिहावे. दुसऱ्या आठवड्यात ताप, सर्दी-खोकला, पोटाचा त्रास, घरचे काम, इतर अशा पाचच रकाने आखून त्यांत खुणा कराव्यात. नावे लिहू नयेत. का लिहू नयेत यावर चर्चा करावी. मग दोन्ही आठवड्यांची मोजणी करून कोणती सोपी गेली ते पाहावे. रकान्यांमुळे कोणती माहिती हरवली, हेही विचारावे. उदाहरणार्थ, ‘पोटाचा त्रास’ या रकान्यात खुणा वाढत असतील, तर शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे पाहायला हवे. तो निष्कर्ष मुख्याध्यापकांकडे पाठवण्यापूर्वी ज्या मुलांनी नोंदी केल्या त्यांना आधी सांगावा. तिसऱ्या आठवड्यातही नोंदी ठेवायला ती आपणहून तयार होतात का, हे मग दिसेलच.